रक्ताच्या वाटा कोण आखतो?

कोंबडीच्या अंड्यात तिसऱ्या-चौथ्या दिवशी रक्ताचा एक ठिपका उडताना दिसतो, असे ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले आहे. हा ठिपका म्हणजे हृदय. परंतु हृदयाचा पहिला ठोका पडण्यापूर्वीच बलकावर रक्तवाहिन्यांचे जाळे विणले जाऊ लागलेले असते. वाहणारे रक्त अजून नाही, आणि वाटा मात्र तयार! हे घडते कसे?

शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा एकच ग्रंथ असतो. फरक पडतो तो कोठे कोणते पान उघडले जाते याने. जनुकाबरहुकूम प्रथिन तयार होणे याला शास्त्रज्ञ 'अभिव्यक्ती' म्हणतात. (आपल्या वाङ्मयाच्या वर्गातल्या अभिव्यक्तीशी तिचे नाते नाही, हे सांगितलेले बरे.)

गर्भाच्या मधल्या थरातील काही पेशींत एक जनुक जागे होते आणि त्यांच्या पृष्ठभागावर एक ग्राहक प्रथिन येते. शेजारच्या पेशी 'व्हीईजीएफ' नावाचे प्रथिन सोडतात. ग्राहक ते ओळखतो. ही हाक ऐकून पेशी एकत्र येतात, त्यांच्या नळ्या बनतात. पुढे जेथे प्राणवायू कमी पडतो तेथील पेशी हे प्रथिन अधिक सोडतात आणि जवळच्या नळीला तिकडे फांदी फुटते. तहानलेल्या शेताने पाटालाच बोलावून घ्यावे, तसे हे.

ही हाक किती मोठी असावी? प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. बहुधा एकीवरही भागते. १९९६ साली दोन संशोधक-गटांनी उंदरांत या जनुकाची एकच प्रत निकामी केली. दुसरी शाबूत होती, तरी गर्भ अकराव्या-बाराव्या दिवसाच्या सुमारास दगावले. निम्मी हाक पुरली नाही. प्रमाण दोन-तीन पट वाढले तरी गर्भ जगत नाही, हेही २००० साली दिसले. माझ्या मते या साऱ्या कथेतील सर्वांत विलक्षण भाग हाच.

रोहिणी आणि नीला हा भेद रक्ताच्या दाबामुळे पडतो, असा पूर्वी समज होता. १९९८ साली उंदराच्या गर्भात आढळले की अभिसरण सुरू होण्यापूर्वीच दोहोंतील जनुके वेगळी बोलत असतात. म्हणजे सारे आधीच ठरलेले? तसेही नाही. २००४ साली कोंबडीच्या गर्भातील एक रोहिणी बांधून रक्ताचा ओघ बदलला, तेव्हा तिच्यातील रोहिणीची जनुके मंदावली आणि ती नीला होऊ लागली.