कॉलेजच्या मुलींचा खो-खो मोसम येतोय. कोणता संघ भारी, हे ओळखायचं कसं?

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलं की नजर आपोआप क्रिकेटच्या जाळ्यांकडे जाते. गावसकर, वाडेकर, तेंडुलकर यांचं मैदान म्हटल्यावर ते साहजिकच आहे. पण दादर-नायगाव-परळ हा पट्टा खो-खोचाही आहे. श्री समर्थ व्यायाम मंदिर, अमर हिंद मंडळ, शिवनेरी सेवा मंडळ, सरस्वती कन्या संघ ही नावं मुंबईच्या खो-खो निकालांत वर्षानुवर्षं दिसतात. या मंडळांत शाळेपासून पळणाऱ्या मुली पुढे रुपारेल, कीर्ती, रुईया, पोदार अशा आसपासच्या कॉलेजांत जातात, आणि पाऊस सरता सरता त्यांचा खरा मोसम सुरू होतो.

तुमच्या फीडवर लवकरच 'अमुक विद्यापीठाच्या मुली पश्चिम विभागात' अशा पोस्ट येऊ लागतील. त्या वाचण्याआधी हा मामला समजून घेऊ.

कॉलेज ते अखिल भारतीय: वाट कशी?

आधी आंतरमहाविद्यालयीन सामने. मुंबई विद्यापीठाचा पसारा मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत, सात जिल्ह्यांचा. त्यामुळे सुरुवातीचे सामने विभागवार होतात. त्यात चमकलेल्या मुलींतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो, शिबिर होतं आणि संघ पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. भारतीय विद्यापीठ संघानं देशाचे चार विभाग केले आहेत. पश्चिम विभागात महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, गोवा इथली विद्यापीठं येतात. इथे वरचा क्रमांक मिळवणारे संघच अखिल भारतीय स्पर्धेत खेळतात.

खो-खोपुरतं बोलायचं तर पश्चिम विभाग म्हणजे मुख्यतः महाराष्ट्राची आपसातली लढाई. पुणे, नाशिक, अहिल्यानगर हे जिल्हे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे. सांगली, सातारा, कोल्हापूर शिवाजी विद्यापीठाकडे. अर्जुन पुरस्कार मिळवणाऱ्या सारिका काळेचं धाराशिव छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाकडे. या तिघांपैकी कुणाचीही गाठ पहिल्याच फेरीत पडली तर मुंबईकरांनी कपाळाला हात लावावा, अशी स्थिती.

मग मुंबईला संधी आहे का? माझ्या मते आहे, आणि ती दादरपेक्षा रत्नागिरीमुळे जास्त. रत्नागिरीतून महाराष्ट्राच्या संघात मुली सातत्यानं येत राहिल्या आहेत, आणि रत्नागिरी मुंबई विद्यापीठातच मोडतं. ठाणे जिल्ह्यातही चांगल्या मुली आहेत. दादरची चपळाई आणि कोकणचा दम एका संघात आला तर तो संघ हलका नाही.

अडचण वेगळीच आहे. आक्रमणात 'खो' देणारी आणि घेणारी यांचं जमावं लागतं. पाटीवरून अर्धा क्षण आधी उठलं तर फाउल, उशिरा उठलं तर समोरची निसटली. एका मंडळात सात-आठ वर्षं एकत्र खेळलेल्या मुलींना हे सांगावं लागत नाही. वेगवेगळ्या जिल्ह्यांतून येऊन थोड्या दिवसांच्या शिबिरात भेटलेल्यांना ते जमवावं लागतं. संरक्षण त्यामानानं प्रत्येकीच्या पायात असतं. हूल द्यायला शेजारणीची ओळख लागत नाही. म्हणून असा निवडक संघ सुरुवातीला संरक्षणात तगडा आणि आक्रमणात अडखळणारा दिसला, तर नवल वाटून घेऊ नका. मोसमाआधी किती दिवस एकत्र सराव झाला, हा प्रश्न 'स्टार कोण' यापेक्षा महत्त्वाचा.

बातमीतला निकाल कसा वाचायचा?

पारंपरिक नियमांत मैदानावर नऊ आक्रमक असतात. आठ जणी पाटीवर, एक पाठलागावर. संरक्षक तिघींच्या तुकडीनं उतरतात. पाळी नऊ मिनिटांची, बाद केलेल्या प्रत्येक गड्याचा एक गुण. आक्रमकाला मध्यरेषा ओलांडता येत नाही की उलटं फिरता येत नाही. संरक्षकाला मात्र कुठेही पळायची मुभा.

'१ गुण आणि ४ मिनिटे राखून' म्हणजे शेवटच्या आक्रमणात चार मिनिटं शिल्लक असतानाच एका गुणाची आघाडी झाली. ही लढत गुणांवरून वाटते तितकी अटीतटीची नव्हती! 'एक डाव आणि ५ गुणांनी' म्हणजे हरलेल्यांच्या दोन डावांची बेरीज जिंकणाऱ्यांच्या एका डावालाही पुरी पडली नाही. बरोबरी सुटतच नसेल तर लघुत्तम आक्रमण: पहिला गडी कोण कमी वेळात टिपतं, ते पाहायचं.

आणि '२.४० मि. संरक्षण' हा आकडा कधीही सोडू नका. पहिली तुकडीच चार मिनिटं टिकली, तर समोरच्यांकडे उरलेल्यांसाठी जेमतेम पाच मिनिटं राहतात. सामना बहुतेकदा तिथेच फिरतो. पळणारी मुलगी साखळी खेळते, म्हणजे बसलेल्यांच्या मधून नागमोडी जाते, की दोन-तीन पाट्यांभोवती रिंग धरते, हेही बघा. दोन्ही जमणारी सापडली की प्रशिक्षक तिला पहिल्या तुकडीत ठेवतात.

वर्ल्ड कपमध्ये ७८-४० कसे झाले?

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला. प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. तिथले नियम वेगळे होते: पाळी सात मिनिटांची, गडी बाद केला की दोन गुण, तुकडी तीन मिनिटं टिकली की 'ड्रीम रन'चे गुण, आणि कुठल्याही दिशेला पळू शकणारा 'वजीर'. कॉलेजच्या निकालात १२-१० असे आकडे दिसले तर खेळ संथ झाला असं समजू नका, मोजपट्टीच निराळी.

खरी चिंता मैदानाची आहे. मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात, सराव मात्र बऱ्याच ठिकाणी मातीवरच. मॅटवर बूट लागतात, वळताना पकड वेगळी मिळते, खांबावर सूर मारल्यावर कोपर-गुडघे सोलवटतात. त्यात मुंबईचा पाऊस. जून ते सप्टेंबर मातीचं मैदान हाती लागत नाही, आणि संघ बांधायचा तो याच महिन्यांत. ज्या कॉलेजला छपराखालची जागा आणि मॅट मिळते, ते मोसमात एक पाऊल पुढे असतं.

मुलींसाठी हा मोसम मोठा असण्याचं आणखी एक कारण. अल्टिमेट खो-खो लीगचे पहिले दोन हंगाम, २०२२ आणि २०२३-२४, फक्त पुरुषांचे झाले. अठरा-वीस वर्षांच्या मुलीला राज्य संघाबाहेर स्वतःला दाखवायचं तर विद्यापीठाची जर्सी हाच मोठा रस्ता. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. कोणत्या स्पर्धेतली कोणती कामगिरी कोणत्या पदाला चालते, हे शासन निर्णयात ठरलेलं असतं आणि प्रमाणपत्राची पडताळणीही होते. तुमच्या ओळखीत अशी कुणी खेळाडू असेल तर तिला हा निर्णय मोसमाआधीच वाचायला सांगा.

प्रवेश बहुतेक ठिकाणी फुकट असतो. सामना बघायला गेलात तर खांबाजवळची जागा पकडा. सूर तिथेच पडतात.