‘काम करविणे’ आणि ‘काम करू देणे’ : अमेरिकी वेतनकायद्यातील एक व्याख्या

नित्य व्यवहारातील शब्दाला कायदा स्वतःची व्याख्या देतो, तेव्हा व्यावहारिक अर्थ आणि कायदेशीर अर्थ यांत अंतर पडते. हे अंतर लहान व्यावसायिकास किती महाग पडू शकते, हे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ‘फेअर लेबर स्टँडर्ड्‌स’ या १९३८ च्या कायद्यावरून स्पष्ट होते.

सूट दिलेले वर्ग वगळता, कामगाराचे काम आठवड्यास ४० तासांहून अधिक झाल्यास वरच्या तासांचे वेतन नेहमीच्या दराच्या दीडपट द्यावे, असा हा नियम आहे. नियम सोपा आहे. प्रश्न उद्भवतो तो ‘कामावर ठेवणे’ या क्रियापदाच्या व्याख्येमुळे. काम चालू देणे अथवा करू देणे यांचाही तीत समावेश होतो. मराठीत ‘करविणे’ या प्रयोजक रूपात कर्त्याची प्रेरणा असते, तर ‘करू देणे’ या संयुक्त क्रियापदात केवळ अनुमती असते. व्यवहारात मालक स्वतःस पहिल्यापुरताच बांधील समजतो. कायदा त्यास दुसऱ्यासाठीही बांधतो.

ही शब्दयोजना १९३८ मध्ये नव्याने घडविलेली नव्हती. निरनिराळ्या संस्थानांच्या बालकामगारविषयक कायद्यांत ती आधीच रूढ होती. मुलास आपण कामावर ठेवलेच नव्हते, हा मालकाचा बचाव तिच्यामुळे निरुपयोगी ठरत असे.

एखाद्या प्लंबरच्या दुकानाचे उदाहरण घेऊ. कामगाराचा दर तासास २० डॉलर असून हजेरी पाच दिवसांची, रोज आठ तासांची मांडली जाते. तो रोज सकाळी अर्धा तास आधी येऊन गाडीत सामान भरतो व सायंकाळी अर्धा तास थांबून हत्यारे आवरतो. मालकाने तसे सांगितलेले नसते, पण तो हे पाहत असतो. अशा स्थितीत कामाचे तास ४० नसून ४५ होतात. पाच तासांचे ३० डॉलरप्रमाणे १५० डॉलर देणे लागतात. मालकाचा सद्भाव सिद्ध न झाल्यास तितकीच रक्कम भरपाई म्हणून द्यावी लागते. परवानगीविना जादा काम केल्याबद्दल मालक कामगारावर शिस्तभंगाची कारवाई करू शकतो. त्या कामाचे वेतन मात्र रोखू शकत नाही.

प्रवासाचेही असेच आहे. घरून कामावर येण्याचा नेहमीचा वेळ मोजला जात नाही. दिवसाच्या कामात एका गिऱ्हाइकाकडून दुसऱ्याकडे जाण्याचा वेळ मोजला जातो.

तासांची नोंद ठेवण्याचे कर्तव्य मालकाचे आहे. नोंदी अपुऱ्या असल्यास कामगाराने दिलेल्या पुराव्यावरून वाजवी अनुमान काढता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९४६ मध्ये माउंट क्लेमेन्स पॉटरी खटल्यात ठरविले. यास्तव ‘मी सांगितले नव्हते’ हे उत्तर मालकास तारू शकत नाही. त्याने काय सांगितले एवढेच कायदा विचारीत नाही. त्यास काय ठाऊक होते व काय ठाऊक असावयास हवे होते, हेही विचारतो.