वॉरस्पाइट
वॉरस्पाइट : दोन्ही महायुद्धांत लढलेली ब्रिटिश नौदलाची विख्यात युद्धनौका. ‘क्वीन एलिझाबेथ’ वर्गातील पाच नौकांपैकी ही एक होय. तिची बांधणी डेव्हनपोर्ट येथील शाही गोदीत झाली. २६ नोव्हेंबर १९१३ रोजी तिचे जलावतरण होऊन मार्च १९१५ मध्ये ती नौदलात दाखल झाली. तिच्या चार मनोऱ्यांत ३८ सेंमी. व्यासाच्या एकूण आठ तोफा होत्या. त्यांतून सुमारे ८७० किग्रॅ. वजनाचा गोळा डागता येई. कोळशाऐवजी खनिज तेलाचा वापर केल्याने जाड चिलखत व अवजड तोफा असूनही या वर्गातील नौकांना ताशी सुमारे २४ सागरी मैल (सु. ४४ किमी.) वेग गाठता येई. मोठ्या तोफांच्या युद्धनौकेचे नाविक युद्धातील स्थान कसे पालटत गेले, हे या नौकेच्या युद्धसेवेवरून स्पष्ट होते.

पहिल्या महायुद्धात ३१ मे १९१६ रोजी जटलंडच्या लढाईत तिने भाग घेतला. सोबतच्या नौकेशी होणारी टक्कर टाळताना तिचे सुकाणू अडकले आणि जर्मन आरमारासमोर ती वर्तुळाकार फिरत राहिली. तिच्यावर सुमारे पंधरा अवजड गोळे आदळले. तथापि शत्रूचे लक्ष तिच्याकडे वेधले गेल्याने ‘वॉरिअर’ ही जायबंदी क्रूझर निसटू शकली. चिलखतामुळे वॉरस्पाइट वाचली. परंतु सुकाणूचा दोष तिला पुढेही त्रास देत राहिला.

१९३४–३७ या काळात तिची जवळजवळ नव्याने उभारणी करण्यात आली. नवी यंत्रसामग्री व विमानविरोधी तोफा बसविण्यात आल्या. डेकवरील चिलखत वाढविण्यात आले. मुख्य तोफांचा उन्नत कोन ३० अंशांपर्यंत वाढविल्याने त्यांचा पल्लाही बराच वाढला. टेहळणीच्या विमानांचीही सोय करण्यात आली.

दुसऱ्या महायुद्धात १३ एप्रिल १९४० रोजी तिने नऊ विनाशिकांसह नॉर्वेतील नार्व्हिकच्या चिंचोळ्या खाडीत प्रवेश केला. तेथे उरलेल्या आठही जर्मन विनाशिका नष्ट झाल्या. वॉरस्पाइटवरील विमानाने एक जर्मन पाणबुडीही बुडविली. त्यानंतर ती भूमध्य समुद्रात ॲडमिरल कनिंगहॅम यांची ध्वजनौका झाली. ९ जुलै १९४० रोजी कालाब्रियानजीक तिने सुमारे २४ किमी. अंतरावरून ‘जूल्यो चेझारे’ या इटालियन युद्धनौकेवर अचूक मारा केला. मार्च १९४१ मध्ये मातापान भूशिराजवळ विमानवाहू नौकेवरील विमानांनी टॉर्पेडो सोडून शत्रूची ‘पोला’ ही क्रूझर पंगू केली. तिच्या मदतीस परतलेल्या क्रूझरांचा रात्रीच्या अंधारात वॉरस्पाइट, ‘व्हॅलिअंट’ व ‘बार्हॅम’ यांनी केवळ साडेतीन किमी. अंतरावरून विध्वंस केला. तीन क्रूझर व दोन विनाशिका बुडाल्या आणि दोन हजारांहून अधिक इटालियन नाविक मृत्युमुखी पडले.

दोनच महिन्यांनी, २२ मे १९४१ रोजी, क्रीटजवळ विमानातील बाँबने तिचे गंभीर नुकसान झाले. दुरुस्ती अमेरिकेतील ब्रेमर्टन येथे झाली. मार्च १९४२ च्या अखेरीस ती हिंदी महासागरात ॲडमिरल सॉमरव्हिल यांची ध्वजनौका बनली. एप्रिलमध्ये जपानच्या पाच विमानवाहू नौकांनी कोलंबो व त्रिंकोमाली या बंदरांवर हल्ले केले. दिवसा त्यांच्या विमानांशी सामना करणे विनाशकारी ठरेल, हे ओळखून सॉमरव्हिल यांनी दिवसाची गाठ टाळून रात्रीच्या हल्ल्याची संधी शोधली; ती मिळाली नाही. पुढे जुन्या, मंद युद्धनौका पूर्व आफ्रिकेकडे पाठविण्यात आल्या व वॉरस्पाइटसह वेगवान ताफा मुंबईकडे वळला. जेथे विमानांचे छत्र अपुरे, तेथे मोठ्या तोफाही निरुपयोगी ठरत होत्या.

१९४३ मध्ये ती पुन्हा भूमध्य समुद्रात आली. १६ सप्टेंबर रोजी सालेर्नोच्या किनाऱ्यावरील सैन्याला तोफांचे साहाय्य देत असता रेडिओनियंत्रित जर्मन बाँब तिचे मजले भेदून तळापर्यंत गेला. तिला ओढत माल्टास न्यावे लागले. एक मनोरा व एक बाष्पित्रकक्ष पूर्ववत झालेच नाहीत. तरीही ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उरलेल्या तीन मनोऱ्यांतून तिने मारा केला. आठवड्याने सागरी सुरुंगाने ती जायबंदी झाली. त्यानंतर ब्रेस्ट, ल हाव्र व १ नोव्हेंबर १९४४ रोजी वाल्खेरेन येथे तिने किनाऱ्यावरील ठाण्यांवर भडिमार केला. फेब्रुवारी १९४५ मध्ये तिची सक्रिय सेवा संपली.

दोन्ही महायुद्धांतील कामगिरीबद्दल तिला एकूण १५ रणसन्मान लाभले. तिचे जतन व्हावे, ही सूचना मान्य झाली नाही. एप्रिल १९४७ मध्ये मोडतोडीसाठी ओढत नेत असता वादळात दोर तुटून ती कॉर्नवॉलच्या खडकाळ किनाऱ्यावर रुतली. पुढील अनेक वर्षे तेथेच तिची मोडणी चालली.

जटलंड येथे तिला झालेल्या जखमा शत्रूच्या तोफांनी केल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धातील तिच्या तिन्ही गंभीर जखमा मात्र विमानातील बाँब व सागरी सुरुंग यांनी केल्या. युद्धनौकांशी लढण्यासाठी बांधलेल्या या नौकेच्या तोफांचा अखेरचा उपयोग भूसैन्याचा मार्ग मोकळा करण्यासाठी झाला.