पाणी आहे, दाब नाही

जून कोरडा गेला की धरणसाठ्याची चौकट रोज छापून येते. खडकवासला साखळीत किती टीएमसी, मुंबईच्या सात तलावांत किती टक्के, पेंचमध्ये किती, उजनीत किती. महापालिकेच्या सभागृहात हीच चर्चा एमएलडीत होते. एक एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर. शहराला किती एमएलडी मिळते, किती मिळायला हवे, नवी योजना केव्हा मंजूर होणार, यावर तावातावाने बोलले जाते. मात्र गल्लीतल्या शेवटच्या घराच्या नळावर दाब किती असतो, हे कुणी विचारत नाही. आपल्या बहुतेक शहरांची खरी तहान या दाबाची आहे, असे माझे ठाम मत आहे.

दाब मीटरमध्ये मोजतात. टाकीतल्या पाण्याची पातळी नळापेक्षा जितकी उंच, तितका दाब हाताशी असतो. पाणी नळातून धावू लागले की त्यातला काही घर्षणात खर्च होतो आणि उरलेला आपल्या वाट्याला येतो. दहा मीटर म्हणजे प्लंबरच्या भाषेत ‘एक किलो प्रेशर’. केंद्र सरकारच्या 1999 च्या पाणीपुरवठा नियमावलीत एकमजली वस्तीसाठी किमान 7 मीटर, दुमजलीसाठी 12 आणि तीनमजलीसाठी 17 मीटर दाब उरावा, असे सांगितले होते. वितरण व्यवस्था चोवीस तासांच्या पुरवठ्यासाठीच आखावी, असेही त्यात होते.

आखणी तशीच होते. सकाळच्या गर्दीच्या वेळी सरासरीच्या दुप्पट ते तिप्पट पाणी लागेल असे धरून नळांचे व्यास ठरतात. मग योजना सुरू होते आणि पाणी सोडले जाते दिवसातून दोन तास. चोवीस तासांचे पाणी दोन तासांत द्यायचे तर नळातला प्रवाह बारापट व्हायला हवा. घर्षण काही प्रवाहाच्या प्रमाणात साधे वाढत नाही. अभियंते जे हेझन-विल्यम्स सूत्र वापरतात त्यानुसार ते प्रवाहाच्या 1.85 व्या घाताने वाढते. बाराचा 1.85 वा घात जवळपास शंभर येतो. म्हणजे दाबाचा खर्च शंभरपट! इतका दाब कुठल्याच टाकीत नसतो. म्हणून बारापट प्रवाह प्रत्यक्षात कधी होतच नाही. टाकीजवळची घरे भराभर भरून घेतात आणि टोकाला पोहोचते ती करंगळीएवढी धार, तीही वॉल्व्हमन पुढच्या भागाकडे निघायच्या सुमारास.

पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. धार बारीक म्हणून कुणी नळाला थेट मोटर जोडतो. त्याच्या ओढीने शेजाऱ्याचा नळ कोरडा पडतो, मग शेजारीही मोटर आणतो. ज्याला परवडते तो जमिनीखाली एक आणि गच्चीवर एक टाकी बांधतो. ज्याला परवडत नाही त्याच्या घरातली बाई पहाटे हंडे मांडून बसते. टंचाईची झळ सगळ्यांना सारखी बसत नाही, ती नळाच्या टोकाला आणि चढावरच्या वस्तीत साचते. अशा जागी बहुधा गरिबांचीच घरे असतात.

या असमान वाटपाचे गणित जगात ज्यांनी आधी नीट मांडले, त्यांपैकी एक मराठी माणूस होता, हे फारसे सांगितले जात नाही. जाळ्यातल्या कुठल्या नळातून किती पाणी वाहील हे हाताने काढण्याची पद्धत अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या हार्डी क्रॉस यांनी 1936 मध्ये दिली. पुढे संगणक आले, पण एक गृहीतक जुनेच राहिले. प्रत्येक ठिकाणची मागणी पूर्ण होणारच असे मानायचे आणि दाब किती उरतो ते काढायचे. जिथे पाणी कमी तिथे हे गणित शून्याखालचा दाब दाखवते आणि तरीही घरोघरी पूर्ण पाणी पोहोचले असे सांगते. नागपूरच्या विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले (आजची व्हीएनआयटी) प्रा. प्रमोद भावे यांनी 1981 मध्ये प्रश्न उलटा धरला. जिथे दाब पुरेसा तिथे पूर्ण पाणी, जिथे मुळीच नाही तिथे शून्य, आणि मधल्या जागी दाब देईल तेवढेच. पंगतीत भात कमी असला की पहिल्या पानांवर ढीग आणि शेवटच्या पानावर चार शिते, हे वास्तव त्यांनी समीकरणात आणले. जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘ईपानेट’ या मोफत संगणक प्रणालीत दाबावर अवलंबून प्रवाह काढण्याची सोय आली ती 2020 मध्ये.

आखणीचा प्रश्न याहून अवघड आहे. व्यास वाढवला की घर्षण झपाट्याने घटते. 150 मिलिमीटरऐवजी 200 चा नळ टाकला तर तेवढ्याच प्रवाहाला दाबाचा खर्च चौथ्या हिश्शावर येतो. पण किलोमीटरच्या किलोमीटर नळ टाकायचे असतात, तेव्हा प्रत्येक वाढीव मिलिमीटर पैसे मागतो. मग कुठला नळ केवढा? इस्रायलच्या अल्पेरोविट्स आणि शमीर यांनी 1977 मध्ये एक छोटे जाळे उदाहरणादाखल घेतले: एक टाकी, पाणी घेणारी सहा ठिकाणे, आठ नळ आणि बाजारात मिळणारे 14 व्यास. एवढ्याशा जाळ्यात निवडीचे पर्याय 147 कोटींहून अधिक होतात. एका प्रभागात शेकडो नळ असतात. तिथे केवळ अनुभवाच्या जोरावर सर्वात स्वस्त आणि तरीही पुरेसा दाब देणारी रचना सापडणे जवळजवळ अशक्य आहे. म्हणून रेषीय नियोजन आले, उत्क्रांतीच्या तत्त्वावर चालणारे जनुकीय अल्गोरिदम आले. आयआयटी मुंबईत तयार झालेले ‘जलतंत्र’ हे मोफत साधन फांद्यांसारख्या पसरणाऱ्या ग्रामीण योजनांसाठी हेच काम करते. साधने आहेत, ती फुकट आहेत आणि त्यातली काही इथेच घडली आहेत. तरीही एखादा जुना आराखडा उचलून त्यातले आकडे बदलण्याची सवय अनेक ठिकाणी जात नाही, याचा मला मनापासून राग येतो.

स्वस्तातल्या रचनेचा धोकाही सांगायला हवा. गणिताला फक्त खर्च कमी करायला सांगितले तर ते प्रत्येक नळ जेमतेम पुरेल इतका बारीक करते. मग एक नळ फुटला किंवा वस्ती अंदाजापेक्षा वाढली की सगळे कोलमडते. थोडी शिल्लक ठेवणे, पाण्याला पर्यायी वाट ठेवणे हा उधळेपणा नव्हे. ती किती ठेवायची हे मात्र माणसाने ठरवायचे असते.

आता गळतीकडे वळू. गळतीही दाबावर चालते. सरासरी दाब वीस टक्के घटवला तर गळती साधारण तेवढीच घटते, आणि प्लास्टिकच्या नळाला लांबट चीर असेल तर त्याहूनही जास्त, कारण दाबाने ती चीरच रुंदावते. म्हणून शहराचे लहान विभाग करतात. अभियंते त्यांना डीएमए म्हणतात. प्रत्येक विभागात पाणी शक्यतो एकाच वाटेने शिरते आणि तिथे मीटर असतो. रात्री दोन ते चार या वेळात माणसे झोपलेली असतात, तरीही मीटर फिरत असेल तर त्यातला मोठा हिस्सा जमिनीत मुरतो आहे. गळती शोधण्याची याहून सोपी युक्ती नाही. पण नळात रात्री पाणीच नसेल तर ती वापरणार कशी? दोन तासांचा पुरवठा गळती कमी करत नाही, फक्त दिसू देत नाही.

शिवाय रिकामा नळ आत ओढतो. पाणी ओसरले की ज्या चिरेतून ते बाहेर जात होते, त्याच चिरेतून शेजारच्या गटाराचे पाणी आत येते. हुबळी-धारवाड, बेळगाव आणि कलबुर्गीच्या काही भागांत 2008 च्या सुमारास जागतिक बँकेच्या साह्याने चोवीस तास पुरवठा सुरू झाला. त्यानंतर हुबळी-धारवाडमध्ये संशोधकांनी दोन्ही प्रकारच्या पुरवठ्यातले नळाचे पाणी तपासले. 2013 मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तुटक पुरवठ्याच्या जवळपास एकतृतीयांश नमुन्यांत ई-कोलाय जिवाणू सापडले, तर अखंड पुरवठ्यात हे प्रमाण शंभर नमुन्यांत एकापेक्षाही कमी होते.

विजेचा हिशेबही इथेच लावायला हवा. दहा लाख लिटर पाणी शंभर मीटर उंच चढवायला निदान 272 युनिट लागतात. पंपाची कार्यक्षमता सत्तर टक्के धरली तर 390 च्या आसपास. गळलेला प्रत्येक लिटर ही वीज घेऊन मातीत जातो. टाक्या पुरेशा मोठ्या असतील तर वीज स्वस्त असलेल्या तासांत पंप चालवून त्या भरता येतात.

चोवीस तास पाणी दिले तर लोक उधळतील, हा आक्षेप हमखास येतो. मीटर नसेल तर उधळतीलही. पण कालचे शिळे म्हणून भरलेली पिंपे रोज ओतून देणारे घरही उधळपट्टीच करत असते आणि त्याला कारण आपला तुटक पुरवठा आहे. कराडजवळच्या मलकापूरने दशकाहून अधिक काळापूर्वी संपूर्ण गावाला मीटरसह चोवीस तास पाणी देऊन दाखवले. जितका वापर जास्त तितका दर चढा. माझ्या मते न्याय्य रचना हीच, फक्त गरजेपुरत्या पाण्याचा पहिला टप्पा कुठल्याही कुटुंबाला सहज परवडायला हवा. पुण्याच्या समान पाणीपुरवठा योजनेच्या आराखड्यातही 82 टाक्या, 141 विभाग आणि मीटर आहेत. काम मुदतीपेक्षा फार लांबले, कारण जुन्या शहराच्या पोटात नळ बदलणे कागदावर आखण्याहून कितीतरी कठीण असते. तरीही दिशा योग्य आहे.

गणिताने सगळे सुटत नाही, हेही तितकेच खरे. छत्रपती संभाजीनगरला जायकवाडीत पाणी असतानाही अनेक दिवसांआड नळ येत राहिला, कारण धरणापासून शहरापर्यंतची जलवाहिनीच अपुरी पडत होती. तिथे मोठ्या जलवाहिनीला पर्याय नव्हता. पण शहरात आलेले वाढीव पाणी जुन्याच जाळ्यात दोन-चार तास सोडले गेले, तर टोकाच्या घराला त्याचा पत्ताही लागणार नाही. नवी योजना मागताना हे प्रत्येक शहराने लक्षात ठेवावे.

आपल्यापुरते करण्यासारखे दोनच. नळाला थेट मोटर लावू नका, आणि लावली असेल तर काढा. दुसरे, प्रभाग समितीच्या पुढच्या बैठकीला जाऊन एक लेखी मागणी करा: प्रभागातल्या सर्वात दूरच्या आणि सर्वात उंचावरच्या नळजोडणीवर दाबमापक बसवावा आणि त्याची रोजची नोंद सर्वांना पाहता येईल अशी जाहीर करावी. दाबमापक ही महागडी वस्तू नाही, आणि ती बसवायला कुठल्याही नव्या धरणाची वाट पाहावी लागत नाही.