पाणी सुकते, डाग उरतो

भिलाईच्या सेक्टर ६ मधील एखाद्या निवासस्थानापुढे सकाळी मोटारगाडी धुतली जाते. साबणाचा फेस वाहून गेला की गाडी नव्यासारखी चकाकू लागते. धुणारा मनुष्य बादली उचलून घरात जातो आणि वाळवण्याचे काम उन्हावर सोपवतो. अर्ध्या तासाने पाहावे, तो गडद रंगाच्या बॉनेटवर पांढुरकी वर्तुळे उमटलेली असतात. गाडी नीट धुतली गेली नाही, असा समज अशा वेळी होतो. वस्तुतः धुण्यात उणीव नसते. ती वाळवण्यात असते.

हे डाग पाण्याचे नसून पाण्याने मागे ठेवलेल्या द्रव्यांचे असतात, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. पावसाचे पाणी हवेतील आणि मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी बनते. असे पाणी चुनखडीच्या थरांतून झिरपले म्हणजे न विरघळणारा चुना बायकार्बोनेटच्या रूपाने त्यात विरघळतो. पाणी स्वच्छ दिसते, पण साबणाला फेस कमी येतो. अशा पाण्याला दुष्फेन किंवा नेहमीच्या बोलण्यात जड पाणी म्हणतात. ते सुकू लागले की ही क्रिया उलट दिशेने घडते. कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुना पुन्हा घनरूपाने बाहेर पडतो. चहाच्या किटलीच्या तळाशी जे पांढरे पुट साचते तेच येथे बॉनेटवर साचते.

या बाबतीत भिलाईचे उदाहरण बोधप्रद आहे. १९५५ मधील भारत-सोव्हिएत करारानुसार उभारलेल्या पोलाद कारखान्याची ही नगरवसाहत ज्या प्रदेशात वसली, तेथील भूगर्भात चुनखडीचे विस्तीर्ण थर आहेत. जवळच्या नंदिनी येथील खाणींतून निघालेली चुनखडी झोतभट्टीत खनिजातील अशुद्ध द्रव्यांशी संयोग पावून त्यांची मळी बनवते व लोखंड मोकळे करते. भट्टीत उपकारक ठरणारी हीच चुनखडी कूपनलिकेच्या पाण्यातून गाडीवर आली की उपद्रवी ठरते. तांदुळा, गंगरेल यांसारख्या जलाशयांतून येणारे पाणी भूपृष्ठावरचे असल्याने सामान्यतः भूजलाहून कमी जड असते. म्हणून दोन्ही प्रकारचे पाणी उपलब्ध असेल तेथे गाडीवर अखेरचे पाणी नळाचे ओतणे श्रेयस्कर.

एका थेंबात क्षार असतात तरी किती? भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत इष्ट मानली जाते. दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत ती चालते. ३०० मिलिग्रॅम कठीणतेच्या पाण्याचा विसांश मिलिलिटरचा थेंब सुकला, तर मागे केवळ ०.०१५ मिलिग्रॅम क्षार राहतो. एवढासा क्षार सर्वत्र सारखा पसरला असता तर दृष्टीसही पडला नसता. पण थेंबाची कड पृष्ठभागाला घट्ट धरून राहते आणि बाष्पीभवन तेथेच सर्वांत जलद होते. ती तूट भरून काढण्यासाठी मधले पाणी कडेकडे वाहते व आपल्याबरोबर क्षारही नेते. सांडलेल्या कॉफीचा डाग कडेला गडद का दिसतो, याचा उलगडा शिकागो येथील संशोधकांनी १९९७ मध्ये केला, तो याच तत्त्वावर.

डाग ताजा असेल तर पुसला जातो. परंतु भिलाईच्या वैशाखात, पारा चाळीस अंशांच्या पलीकडे गेलेला असताना, उन्हातील पत्रा हवेहूनही कितीतरी अधिक तापतो. थेंब आटत जातो तसतशी त्यातील द्रव्यांची तीव्रता वाढते, थर कडक होतो आणि काही वेळा रंगावरील पारदर्शक लेपातच त्याचा ठसा उमटतो. हा लेप बहुधा मनुष्याच्या केसाहूनही पातळ असतो. खरवडून काढण्याच्या प्रत्येक प्रयत्नात तो झिजतो, आणि एकदा झिजलेला लेप पुन्हा भरून येत नाही.

तेव्हा थेंब सुकण्यापूर्वीच उचलणे, हाच खरा उपाय होय. गाडी सावलीत उभी करावी आणि बॉनेट हाताला गार लागेपर्यंत थांबावे. उन्हाळ्यात सगळी गाडी एकदम न धुता एकेक भाग धुऊन लगेच कोरडा करावा. शेवटचे पाणी फवाऱ्याने मारू नये. नळीचे तोंड उघडे ठेवून मंद धार टपावरून सोडावी. पाणी पृष्ठताणामुळे सलग चादरीसारखे ओघळते आणि थेंब थोडे राहतात. नंतर टप, काचा, बॉनेट, डिकी, बाजू असे वरून खाली यावे. चाके शेवटी आणि वेगळ्या फडक्याने पुसावीत. आरशांच्या व दारांच्या फटींतून पाणी मागाहून ओघळते. म्हणून दारे एकदा उघडून कडा टिपून घ्याव्यात.

फडके मऊ आणि निर्मळ हवे. मायक्रोफायबरच्या अतिसूक्ष्म धाग्यांमधील पोकळ्या पाणी झटकन ओढून घेतात. जुने, अनेकदा धुतलेले सुती कापडही चालते. मात्र त्याला शिवण किंवा गुंडी नसावी. फडके घासू नये. पसरून ठेवावे आणि हलकेच ओढून घ्यावे. पोलाद कारखान्याच्या किंवा रेल्वेच्या परिसरात धुळीबरोबर लोखंडाचे सूक्ष्म कणही येतात. ते राहिलेल्या पृष्ठभागावर फडके फिरवले तर ओरखडे पडतात, आणि ओल लागून ते गंजले की तांबूस ठिपके दिसू लागतात. म्हणून धूळ आधी भरपूर पाण्याने सोडवून मगच हात लावावा.

पाणी वाचवण्याच्या स्तुत्य हेतूने कित्येक घरी शुद्धीकरण यंत्रातून बाहेर टाकलेले पाणी गाडीसाठी वापरतात. निम्मे पाणी शुद्ध होऊन वेगळे झाले असेल, तर त्यातील बहुतेक सर्व क्षार उरलेल्या निम्म्यात जमा झालेले असतात. चाके व तळ धुण्यास ते उपयोगी आहे. शेवटच्या धारेसाठी नव्हे. उलट बॅटरीत घालण्याच्या ऊर्ध्वपातित पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. बॉनेटवरून असे लिटरभर पाणी शेवटी ओघळू दिले, तर ते आपोआप सुकूनही डाग पडत नाही.

डाग पडलेच, तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तितकेच पाणी मिसळून ते मऊ कापडाने गार पृष्ठभागावर क्षणभर लावावे आणि लगेच धुऊन टाकावे. त्यातील आम्लाने चुना विरघळतो. पितळेची भांडी चिंचेने उजळतात ती आम्लामुळेच, पण चिंचेचा चोथा रंगावर ओरखडे पाडतो. दोनदा लावूनही डाग हलला नाही, तर तो सिलिकाचा असावा किंवा लेपात उतरलेला असावा. तेथे जोर करू नये. ते काम रंगाच्या जाणत्या कारागिराकडे सोपवावे. गाडी धुतल्यावर फडके फिरवण्यास दहा मिनिटे पुरतात.