टाळ गावात, मौन माळावर!

चिखली - इंद्रायणीकाठच्या टाळगाव चिखलीला भजनाची ओळख करून द्यावी लागत नाही. तुकोबांच्या वैकुंठगमनाच्या वेळी त्यांचे टाळ येथे पडले, अशी गावाच्या नावामागील आख्यायिका आहे. महापालिकेचे संतपीठही येथेच आहे. येथील भजनी मंडळींना बारामती-इंदापूरच्या दौऱ्यात गायनाला वन्यजीव सफारीची जोड देता येईल. मात्र दोहोंची वेळ आणि जागा निराळी हवी.

हा मुलूख वारकऱ्यांच्या पायाखालचा आहे. नारायण महाराजांनी १६८५ मध्ये सुरू केलेला तुकोबांचा पालखी सोहळा वरवंडहून रोटी घाट चढून उंडवडी गवळ्याची येथे येतो आणि बारामती, सणसर, निमगाव केतकीमार्गे पुढे जातो. याच टापूतील शिर्सुफळ (ता. बारामती) आणि कडबनवाडी (ता. इंदापूर) येथे वन विभागाने गवताळ सफारी सुरू केली आहे. ऑनलाइन नोंदणी, ठरलेला मार्ग आणि सोबत स्थानिक मार्गदर्शक, अशी तिची पद्धत आहे. जवळच सुपे येथे चिंकाऱ्यांसाठी १९९७ मध्ये घोषित झालेले मयूरेश्वर अभयारण्य आहे. त्याचे क्षेत्र जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर!

मौन कशासाठी?
माळावर लांडगा, तरस, खोकड, चिंकारा यांचा वावर असतो. हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्या हा शिकारी पक्षीही येतो. उघड्या माळावर आवाज दूरवर जातो, आणि टाळांचा धातूचा नाद तर अधिकच तीव्र असतो. तो कानी पडताच चिंकारा पळ काढतो. धाविक, चंडोल हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. ते घाबरून उडाले, की अंडी उन्हात उघडी पडतात. लांडगेही समूहाने साद घालतात. पण ती कळपातील सोबत्यांना हाक असते. तेथे माणसाने फक्त श्रोता व्हावे. म्हणून पहाटे सफारी, दुपारी विश्रांती आणि सायंकाळी गावातील मंदिरात हरिपाठ व भजन, असा क्रम सोयीचा ठरतो. ध्वनिक्षेपक असल्यास रात्री दहाची मर्यादा पाळावी लागते.

माळ 'पडीक' नव्हे
सरकारी दप्तरात आणि लोकांच्या बोलण्यात माळरान म्हणजे पडीक जमीन. वास्तविक ते गवताचे स्वतंत्र जंगल आहे. मेंढपाळांचा चराऊ मुलूखही तोच. नांगर, प्लॉट आणि कारखाने यांनी ते आक्रसत आहे. सद्हेतूने केलेले दाट वृक्षारोपणही येथे घातक ठरते. झाडांची सावली वाढली, की गवत हटते आणि त्यावर जगणारे प्राणीही. वृक्ष आणि वनचर यांना सोयरे मानणाऱ्या तुकोबांच्या अनुयायांनी झाडे जरूर लावावीत. पण गावठाणात, रस्त्याकडेला, देवळाच्या आवारात. माळाला त्याचे गवतच राहू द्यावे.