फोटो केवढा छापावा?

पुणे–अहिल्यानगर रस्त्यावरचे शिरूर असो की रेल्वेचे जंक्शन असलेले दौंड, चौकाचौकांत दहा-दहा फुटी फ्लेक्सवर हसरे चेहरे झळकत असतात. मोबाइलवर आलेल्या साध्या फोटोवरूनही असा फलक छापता येतो आणि तो रस्त्यावरून चांगला दिसतो. पण तोच फोटो १२ इंच रुंद छापून घरात लावला, तर जवळून पाहताना चेहरा पुसट वाटतो. असे का व्हावे?

डिजिटल फोटो चित्रबिंदूंचा, म्हणजे पिक्सेलचा बनलेला असतो. समजा, एका फोटोत रुंदीला १६०० आणि उंचीला १२०० बिंदू आहेत. फोटो कितीही मोठा छापला तरी बिंदू तेवढेच राहतात. प्रत्येक बिंदूचा आकार मात्र वाढतो. ४ इंच रुंदीत छापल्यास दर इंचाला ४०० बिंदू येतात, १२ इंचांत सुमारे १३३, तर १० फुटी फलकावर अवघे १३!

आता डोळ्याकडे वळू. दोन बिंदू वेगळे दिसण्यासाठी त्यांच्यामधले अंतर डोळ्याशी निदान अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन करणारे हवे. म्हणजेच ते, आपण जितके दूर उभे असू त्याच्या सुमारे ३४४० व्या भागाइतके असावे लागते. हातातला फोटो आपण १० इंचांवरून पाहतो. तेथे दर इंचाला ३०० ते ३५० बिंदू हवेत. १३३ अपुरे पडतात. ३० फुटांवरून पाहताना मात्र दर इंचाला १० बिंदू पुरतात. म्हणून १३ बिंदूंचा फलकही साजरा दिसतो.

फ्लेक्स छापणारे यंत्र आणि टेबलावरचा फोटो-प्रिंटर हे सहसा इंकजेटच असतात. बारीक छिद्रांतून निळसर, किरमिजी, पिवळ्या व काळ्या शाईचे सूक्ष्म थेंब कागदावर पडतात. फिकट छटेसाठी थेंब विरळ, गडद छटेसाठी दाट. एका चित्रबिंदूची छटा साधायला अनेक थेंब लागतात. म्हणून ‘इंचाला १४४० थेंब’ अशी जाहिरात असली, तरी फोटोत नसलेला तपशील प्रिंटर आणू शकत नाही.

कित्येक घरांत आजोबांचा एकच फोटो असतो, तोही लग्नातल्या घोळक्यातला. त्यांच्या चेहऱ्याच्या वाट्याला रुंदीत ३०० बिंदू आले असतील, तर चेहरा १० इंच रुंद छापल्यास इंचाला ३० बिंदू उरतात. संगणक मधले बिंदू भरून देतो खरा, पण तो अंदाज असतो. त्यात चेहरामोहराच बदलू शकतो. त्यापेक्षा मूळ फाइल मिळवावी, चेहरा २-३ इंच रुंद छापावा आणि भोवती रुंद कोरी चौकट ठेवावी.

करून पाहा : कागदावर १ मिलिमीटर जाडीच्या काळ्या रेषा १ मिलिमीटर अंतराने काढा. कागद भिंतीवर लावून मागे सरका. साडेतीन मीटरच्या आसपास रेषा एकमेकींत मिसळून करडा पट्टा दिसू लागेल. मित्रांची अंतरेही मोजा आणि तुलना करा.